वायरमनला परवाना लागतो

नव्या घरात वीजजोडणी घ्यायची तर महावितरणला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. महापालिकेच्या हद्दीत नळजोडणीचे काम परवानाधारक प्लंबरकडून करून घ्यावे लागते. लिफ्ट बसवायची आणि चालवायची तर तिचाही परवाना निघतो. स्वतःला वास्तुविशारद म्हणवणाऱ्याचे नाव १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली नोंदलेले असावे लागते आणि आरसीसीच्या आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनियरची सही हवी. २०२३ मध्ये राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटांनाही प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पन्नाशीतल्या अनेक एजंटांनी त्या वर्षी कॉलेज सोडल्यानंतर पहिल्यांदाच अभ्यासाचे पुस्तक उघडले असेल.

आता या सगळ्यांना कामाला लावणारा, जमीन मिळवणारा, लोकांकडून लाखो रुपये घेणारा, इमारत उभी करून विकणारा माणूस घ्या. त्याला परीक्षा नाही, अनुभवाची अट नाही, त्याच्या नावाचा परवाना नाही. कालपर्यंत कापडाचे दुकान चालवणारा, वाळूचे डंपर फिरवणारा किंवा नगरसेवकपदाची एक टर्म संपवून मोकळा झालेला माणूस उद्या 'अमुक डेव्हलपर्स' अशी पाटी लावू शकतो. कोणी त्याला विचारणार नाही की बाबा, तू याआधी काय बांधले आहेस?

सरकारला हे कळत नाही असे मुळीच नाही. स्वतःची कामे द्यायची वेळ येते तेव्हा सरकार फार सावध असते. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची वर्गवारीने नोंदणी होते आणि कुठल्या वर्गाच्या ठेकेदाराने किती रकमेपर्यंतचे काम घ्यायचे, हे ठरलेले असते. त्यासाठी आधीच्या कामांचे दाखले लागतात, आर्थिक ऐपत दाखवावी लागते, अनामत भरावी लागते. ग्रामपंचायतीचे सभामंडप बांधायलासुद्धा नोंदणीकृत माणूस लागतो. तुमच्या-माझ्या राहत्या घराला ही काळजी घ्यावी असे कुणाला वाटले नाही.

महाराष्ट्रात नोंदणी होते ती प्रकल्पाची. स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, २०१६ साली संसदेत मंजूर झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. अंमलबजावणीत महाराष्ट्र सुरुवातीपासून पुढे राहिला. बिल्डर या कायद्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ६ डिसेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने तो घटनात्मक ठरवला. आज पन्नास हजारांहून अधिक प्रकल्पांची नोंद महारेराकडे आहे. कायदा चांगला आहे, यात मला शंका नाही. रेरापूर्वी फ्लॅट बुक केलेल्या माणसाला आज तो वाचून हेवाच वाटेल. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते बांधकामावर आणि जमिनीवरच खर्च करायचे. ताबा वेळेवर दिला नाही तर ग्राहकाला व्याज द्यायचे, आणि त्याला बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पूर्ण पैसे परत करायचे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा.

नोंदणी न करता विकणाऱ्याला काय शिक्षा? कलम ३ सांगते की नोंदणीशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही, विक्री नाही. ते मोडले तर कलम ५९ प्रमाणे प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. आदेश देऊनही तो बधला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा आणखी दहा टक्क्यांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी करताना खोटी माहिती दिली तर पाच टक्क्यांपर्यंत. आकडे भारी वाटतात. वीस कोटींच्या इमारतीला दोन कोटींचा दंड म्हणजे कुणाच्याही पोटात गोळा यावा. पण ही झाली कमाल मर्यादा. किमान दंड किती, याबद्दल कलम गप्प आहे. कैदेच्या बाबतीत तर आणखी दोन दारे ओलांडावी लागतात. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय केवळ प्राधिकरणाच्या तक्रारीवरून घेते, फसलेला ग्राहक थेट जाऊ शकत नाही. आणि गुन्हा तडजोडीने, पैसे भरून मिटवण्याची सोयही याच कायद्यात केलेली आहे.

याहून बोलके कलम मला ७ वाटते. बिल्डरने फसवणूक केली, गैरमार्ग वापरला, तर प्राधिकरण प्रकल्पाची नोंदणी रद्द करू शकते. त्यानंतर काय होते? त्या प्रकल्पापुरते त्याला संकेतस्थळ वापरण्यापासून रोखायचे, कसूरदारांच्या यादीत त्याचे नाव घालायचे आणि त्याचा फोटो संकेतस्थळावर लावायचा. शिक्षा माणसाला चिकटते ती एवढीच, फोटोपुरती. पुढच्या गल्लीत नवा प्रकल्प, नवी एलएलपी, भागीदार म्हणून मेहुणा. नोंदणी करताना गेल्या पाच वर्षांतल्या प्रकल्पांची माहिती द्यावी लागते हे खरे, पण ती माहिती द्यायची असते, तिच्या जोरावर पात्र-अपात्र ठरायचे नसते. आपल्याकडे प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढण्याची पद्धत आहेच. वसुलीचे वॉरंट घेऊन महसूल खात्याचे लोक पोहोचतात तेव्हा त्या कंपनीच्या नावावर दोन संगणक आणि साइट ऑफिसातल्या खुर्च्या उरलेल्या असतात.

आणि मग पाच गुंठ्यांची पळवाट. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर रेराची नोंदणी लागत नाही. दिल्लीत बसून हा आकडा छोटा वाटला असेल. दिवा, नालासोपारा, टिटवाळा, पुण्याच्या कडेची गावे इथे माणसे जमीन गुंठ्यात मोजतात आणि ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. तेवढ्या जागेत, शेजारच्या खिडकीला हात लागेल इतक्या जवळ, सात मजले चढवणारे लोक आहेत. ज्या इमारतींना देखरेखीची सर्वांत जास्त गरज, त्यातल्या कितीतरी अशा चाळणीतून खाली पडतात.

रेराच्या आधी महाराष्ट्रात कायदाच नव्हता, असा एक समज नव्या पिढीत आहे. १९६३ चा मोफा कायदा, म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, या विषयावर देशात फार लवकर झालेला कायदा. तो आजही रद्द झालेला नाही. त्यात नोंदणीकृत करार न करता वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेणाऱ्या बिल्डरला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ग्राहकांच्या पैशांचा अपहार केला तर पाच वर्षांपर्यंत. सोसायटीला जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून न देणाऱ्यालाही तीन वर्षे. आता तुमच्या ओळखीच्या जुन्या सोसायट्या आठवा आणि त्यांतल्या किती जणींना बिल्डरने स्वतःहून कन्व्हेयन्स करून दिले ते विचारा. बिल्डरांनी ते इतक्या सर्रास टाळले की अखेर २००८ मध्ये सरकारला मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली. बिल्डर येत नसेल तर त्याच्याविना सोसायटीने जमीन आपल्या नावावर करून घ्यायची. म्हणजे ज्या गुन्ह्याला तीन वर्षे कैद आहे तो करणाऱ्याला धरण्याऐवजी सरकारने त्याला हजर राहण्यातूनच सूट दिली.

परवानगीशिवाय बांधणाऱ्यासाठी १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. पालिकेच्या अतिक्रमण विभागात 'एमआरटीपी लावला' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येते. त्याच्या कलम ५२ मध्ये किमान एक महिना आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. दंड किमान दोन हजार, कमाल पाच हजार रुपये, आणि काम चालूच ठेवले तर रोज दोनशे रुपयांपर्यंत. पाच हजारांत आज स्लॅबच्या एका खांबाचे सिमेंट-सळईही यायचे नाही. ज्या धंद्यात एका फ्लॅटमागे लाखोंचा नफा आहे, त्याला रोजचे दोनशे रुपये म्हणजे साइटवरचा चहापाण्याचा खर्च.

पिंपरी-चिंचवडकरांना आणखी एक दंड चांगला ठाऊक आहे, शास्तीकर. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली बेकायदा इमारतीला मालमत्ता कराच्या दुपटीएवढी शास्ती लावली जाई. ती भरून इमारत कायदेशीर होत नसे. ती भरायची कुणी? तिथे राहणाऱ्याने. बिल्डर फ्लॅट विकून केव्हाच मोकळा, आणि गिरणीतून, कंपनीतून निवृत्त झालेला माणूस घराच्या कराबरोबर बिल्डरच्या गुन्ह्याचा दंड वर्षानुवर्षे भरत राहिला किंवा थकबाकीदार म्हणून नोटिसा घेत राहिला. अनेक निवडणुकांची भाषणे या एका करावर झाली. २०२३ मध्ये राज्य सरकारने तो माफ केला. रहिवाशांना न्याय झाला असे म्हणता येईल, पण मूळ गुन्हेगाराचे बिल त्याच्या हातात पडलेच नाही.

कल्याण-डोंबिवलीत जे घडले त्याने मात्र प्रकल्पाची नोंदणी म्हणजे ग्राहकाची ढाल, हा विश्वासच मोडला. इथे बिल्डरांनी नोंदणी टाळली नाही, उलट ती घेतली. महापालिकेच्या बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रे तयार केली, खोटे शिक्के, खोट्या सह्या. ती कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर चढवून नोंदणी क्रमांक मिळवला. ठाणे जिल्ह्याचे क्रमांक पी ५१७ ने सुरू होत. तसा क्रमांक ब्रोशरवर छापला, रस्त्याच्या कडेच्या फलकावर लावला. तो पाहून ग्राहक आले, बँकांची कर्जे झाली, दुय्यम निबंधकाकडे करार नोंदले गेले, सरकारला मुद्रांक शुल्क मिळाले. एका स्थानिक वास्तुविशारदाने माहिती अधिकारात विचारणा केली तेव्हा उघड झाले की ज्या परवानग्यांवर हे सारे उभे आहे, त्या पालिकेने दिलेल्याच नाहीत. २०२२ मध्ये डोंबिवलीत मानपाडा आणि रामनगर पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमले गेले, ईडी आली. इमारती निघाल्या ६५.

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. त्यांत साडेसहा हजारांच्या आसपास कुटुंबे असल्याचे बातम्यांमध्ये येत राहिले. राज्य सरकारने रहिवाशांना दिलासा देण्याची आश्वासने दिली. आदेशावर कायद्याच्या अंगाने बोट ठेवणे कठीण आहे. बनावट कागदावर उभी राहिलेली इमारत न्यायालयाने वैध ठरवावी अशी अपेक्षा करता येत नाही. पण या कुटुंबांनी काय करायचे बाकी ठेवले होते? रेरा क्रमांक बघा, असे सरकारच जाहिरातींतून सांगत होते. त्यांनी बघितला. बँकेचा वकील कागद तपासतो, म्हणून बँकेचे कर्ज घ्या, असे शहाणी माणसे सांगतात. त्यांनी घेतले, आणि इमारतीचे काहीही झाले तरी त्याचे हप्ते त्यांच्याच मानेवर राहणार. या साखळीत प्रत्येकाने आधीच्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला आणि पहिला शिक्का खोटा होता. महारेराने कागद घेतला, पण पालिकेला विचारले नाही. हे प्रकरण गाजल्यावर, २०२३ पासून, प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा नियोजन प्राधिकरणाकडून थेट ई-मेलने होण्याची पद्धत आली. सहा वर्षे एक ई-मेल कुणाला सुचला नाही.

नालासोपाऱ्यात तर रेरा क्रमांकाचाही प्रश्न नव्हता. अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या सगळ्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. ईडीचा तपास बिल्डरांपासून थेट पालिकेच्या नगररचना विभागापर्यंत पोहोचला. तेच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला. रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. पालिकेच्या म्हणण्याप्रमाणे तीही अनधिकृत.

वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडची गोष्ट पैसेवाल्यांची, म्हणून तिला कॅमेरे मिळाले. पाच मजल्यांची परवानगी, आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. पालिकेने १९८४ मध्ये काम थांबवण्याची नोटीस दिली होती. काम थांबले नाही. २७ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले नियमित करण्यास नकार दिला, २०१४ च्या जूनमध्ये पालिकेने वीज-पाणी तोडले. नोटीस आणि कारवाई यांत तीस वर्षे. तोवर बिल्डरांचा हिशेब केव्हाच पुरा झाला होता.

या सगळ्यांत मुंब्र्याजवळच्या शीळफाट्याचे लकी कंपाउंड मी वेगळे धरतो. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी तिथली सात मजली इमारत कोसळली, ७४ माणसे मेली. इमारत काही महिन्यांत घाईघाईने उभी केली होती आणि वर काम चालू असताना खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आणून ठेवली होती. ही त्या पट्ट्यातली जुनी युक्ती. इमारतीत माणसे असली की पालिकेला हातोडा चालवता येत नाही. रिकामी इमारत पाडायला एक दिवस पुरतो, राहती पाडायला न्यायालयात वर्षे जातात. परवान्याच्या प्रश्नाकडे आपण अनेकदा पैशाची फसवणूक म्हणून बघतो. लकी कंपाउंडमध्ये विटांच्या जागी माणसे वापरली गेली होती. त्या खटल्यात बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारीही अटकेत गेले, हेही नोंदवायला हवे.

माणसाला परवाना देण्याची पद्धत दुसरीकडे कशी चालते? कॅलिफोर्नियात १९२९ पासून ठेकेदारांच्या परवान्यांचे राज्य मंडळ आहे. तिथे घर बांधण्याचे काम घ्यायचे तर चार वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, दोन परीक्षा, पंचवीस हजार डॉलरचा बाँड. हजार डॉलरच्या आतली किरकोळ दुरुस्ती सोडली तर परवान्याशिवाय काम घेणे गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. दुसऱ्यांदा सापडला तर किमान नव्वद दिवस आत. वणवा, पूर अशा आपत्तीनंतर जाहीर झालेल्या भागात हाच गुन्हा अधिक गंभीर ठरतो. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या वस्त्या जळाल्या तेव्हा पुनर्बांधणीसाठी धावणाऱ्या बिनपरवाना ठेकेदारांना मंडळाने याच तरतुदीची आठवण दिली.

पण मला त्या कायद्यातले तुरुंगापेक्षा दुसरेच कलम अधिक धारदार वाटते. बिनपरवाना ठेकेदार आपल्या कामाचे पैसे मागायला न्यायालयात जाऊ शकत नाही, काम कितीही चांगले असो. उलट घरमालक त्याला दिलेला पैसा पूर्णच्या पूर्ण परत मागू शकतो, आणि केलेल्या कामाची किंमत त्यातून वजा होत नाही. तुरुंगाची भीती सरकारच्या उत्साहावर अवलंबून असते. इथे कायद्याने प्रत्येक ग्राहकालाच दंड वसूल करणारा अधिकारी करून टाकले आहे. स्वतःसाठी स्वतः घर बांधणाऱ्याला तिथे परवाना लागत नाही, पण बांधून झाल्यावर वर्षाच्या आत ते विकायला काढले तर ते विकण्यासाठीच बांधले होते असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे मालकाने सिद्ध करायचे. मागच्या अंगणात आईवडिलांसाठी खोली काढणाऱ्या बे एरियातल्या मराठी मंडळींना ही कलमे पाठ असतात. इकडे गावी भावाकरवी घर बांधताना तीच माणसे मिस्त्रीला फोनवर 'चौरस फुटाचा रेट काय?' एवढेच विचारतात.

परवाना आणला की भ्रष्टाचाराचे एक नवे टेबल तयार होईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. परवानाराज भोगलेला हा देश आहे. पण आज टेबले नाहीत असे थोडेच आहे? प्रारंभ प्रमाणपत्राला, जोते तपासणीला, भोगवटा प्रमाणपत्राला, प्रत्येक पायरीला टेबल आहे आणि त्यातले एकही टेबल माणसाचा इतिहास बघत नाही. महारेराने एजंटांची परीक्षा घेऊन दाखवली, धंदा काही बंद पडला नाही. मग ज्याच्या हाताखाली एजंट काम करतो त्याची नोंदणी व्यक्तीच्या नावाने, पॅन क्रमांकाशी जोडून का होऊ नये? एका प्रकल्पात नोंदणी रद्द झाली तर त्या माणसाला काही वर्षे कुठल्याही नावाने, कुठल्याही कंपनीतून घर विकता येऊ नये. आणि एमआरटीपीचा पाच हजारांचा दंड एखाद्या विधिमंडळ अधिवेशनात अर्ध्या तासात बदलता येईल. तो इतकी वर्षे बदलला गेला नाही याचे कारण मतदारसंघांच्या बाहेर शोधण्यात अर्थ नाही.

१७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका बांधकामाच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावायचा, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा द्यायचा नाही आणि वीज-पाणीही जोडायचे नाही, बँकांनी प्रमाणपत्राची खातरजमा केल्यावरच कर्ज द्यायचे, चुकीचे प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करायची. हे पाळले गेले तर बिल्डरच्या परवान्याची गरज बरीच कमी होईल. तोवर तपासण्याचे काम ग्राहकाच्याच अंगावर आहे, हे अन्यायाचे असले तरी वस्तुस्थिती आहे.

पाडव्याच्या मुहूर्तावर टोकन देणार असाल तर त्याआधी एक दिवस सुट्टी काढा. रेरा क्रमांकाच्या पानावर चढवलेल्या प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि हा जावक क्रमांक तुमच्या नोंदवहीत आहे का, एवढेच विचारा. तोंडी उत्तरावर भागवू नका, माहिती अधिकारात अर्ज द्या, दहा रुपये लागतात. प्रकल्पाची नोंदणीच नसेल तरी महारेराकडे तक्रार करता येते. मुंबई उच्च न्यायालयात २०१८ मध्येच तो मार्ग मोकळा झाला आहे. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा एक रुपयाही जास्त मागणारा बिल्डर रेराचे कलम १३ तुमच्या समोर बसून मोडत असतो.